तनुजाचं माहेरपण

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी आमच्या स्वयंपाकघरात पुरुषमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा माझा नियम सगळ्या पडेगावला ठाऊक आहे. माझ्या धाकट्याला, इंद्रजीतला, ठाऊक नाही असं नाही. पण डॉक्टर झाल्यापासून त्याला वाटतं की नियम फक्त पेशंटला असतात. बूट दारात काढले न काढले तोच तो खोका घेऊन थेट चुलीपर्यंत आला.

"आई, हात धू. पहिली पत्रिका महालक्ष्म्यांपुढं तुझ्या हातानं ठेवायची."

"माझे हात धुतलेलेच हायेत," मी म्हटलं. "तू पाय धुतले का?"

त्याची बायको रूपा वाटणावर मान घालून हसली. तो गेला, पाय धुऊन आला. एवढं ऐकतो अजून, हेही काही कमी नाही.

चिकलठाण्याला जालना रोडवर त्याचा स्वतःचा बाळंतपणाचा दवाखाना उभा राहिलाय. दसऱ्याला त्याचं उद्घाटन. त्याच्या पत्रिका छापून आल्या होत्या. आमच्या घरची रीत अशी की शुभकार्याची पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची, अन् एकदा ठेवली की कार्य मोडत नाही, तारीख हलत नाही, तिच्यातलं अक्षर बदलत नाही. माझ्या सासऱ्यांच्या काळात एका लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी चुलत्याचं नाव छापलं गेलं, ते तसंच राहिलं अन् लग्नही झालं.

तर मी पत्रिका घेतली, दोघी महालक्ष्म्यांच्या पायाशी ठेवली, कुंकू वाहिलं, हात जोडले. मग वाचली. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. छापील वाचता येतं, पण अक्षर लावायला वेळ लागतो. आधी ठेवायचं अन् मग वाचायचं, हे असं होतं ते त्यामुळं.

वर मोठ्या अक्षरात दवाखान्याचं नाव. खाली इंद्रजीतचं. त्याखाली सोनेरी शाईत: 'मेट्रन, सौ. तनुजा सुदर्शन'.

तनुजा माझी थोरली सून. सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणीच्या वॉर्डात तिचा जन्म गेला. गेल्या उन्हाळ्यात तिथूनच मोठी सिस्टर म्हणून निवृत्त झाली. ती तेव्हा तव्यापुढं पुरणपोळ्या करत होती. तिची लेक श्रेया महालक्ष्म्यांसाठी पुण्याहून आलेली. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं अन् ओरडली, "आई, तुझं नाव. मेट्रन!"

तव्यावरची पोळी करपली. तनुजाच्या हातची करपलेली पोळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"भावजी," ती एवढंच म्हणाली, "आधी विचारायचं तरी."

"वहिनी, तुम्ही मला नाही म्हणणार आहात का?" इंद्रजीत म्हणाला, आणि सगळे हसले.

श्रेया म्हणाली, "बरं केलंत काका. आई घरात बसून कंटाळलीय."

दारात उभा असलेला माझा थोरला, सुदर्शन, म्हणजे तनुजाचा नवरा, तोही म्हणाला, "घरात करमतच नाही तिला. पहाटेच बाहेर पडते."

खरं सांगते, माझीही मान ताठ झाली. शहागंजात बांगड्या भरायला गेले की कासार पाट सरकवून म्हणायचा, सिस्टरच्या सासूबाई आल्या. उन्हाळ्यापासून ते म्हणणं जरा कमी झालं होतं. आता सोनेरी शाईत आलं होतं. मला का गोड लागू नये?

पण ती करपलेली पोळी माझ्या डोळ्यापुढून हलेना.

इंद्रजीत वर गेला, श्रेया फुलोऱ्याच्या करंज्या दोरीला बांधायला गेली. मी आंबिलीचं पातेलं ढवळत तनुजाजवळ सरकले.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"काही नाही, आत्याबाई."

"काही नसल्याचं तोंड मला ओळखू येतं. हे ते न्हाय. जायचं नसंल तर नाही म्हण. वॉर्डात तू बोललीस की खालच्या मजल्यावरचे नातेवाईक उठून उभे राहायचे म्हणतात."

"तिथं बोलायला कारण असायचं." तिनं पोळी उलटली. "इथं काय कारण सांगू? गुडघे बरे आहेत. डोळे बरे आहेत. घरात लहान लेकरू नाही. तुम्ही माझ्याहून धडधाकट. भावजींनी विचारलं का नाही, तर काय सांगू? पाखरं ऐकायला जायचं असतं म्हणून?"

मी पळी थांबवली. "कोणती पाखरं?"

ती रोज पहाटे मागच्या डोंगराकडं जाते हे मला ठाऊक होतं. तिच्या जुन्या वॉर्डातली सगीरा शहागंजाहून स्कूटीवर येते, गाडी आमच्या अंगणात लावते अन् दोघी पायवाटेनं जातात. साखर वाढू नये म्हणून चालायला जाते, असं घरात सांगितलेलं. पण सडकेवर चालणारीच्या साडीला कुसळं लागत नाहीत. दुपारी तिची साडी मांडीवर घेऊन ती कुसळं मीच उपसत असते. विचारलं मात्र कधी नाही. सुनेला सगळंच विचारायचं नसतं, एवढं मला कळतं.

"तिथं कातळावर बसते," तनुजा म्हणाली. "डोळे मिटून. सगीरा डबा खाते, मी ऐकते. वॉर्डात सवय लागली ना, आवाजावरून ओळखायची. कोणती बाई दुखतंय म्हणून ओरडते, कोणती भीतीनं, कोणतीची वेळ झाली. डोळे लागले तरी कान जागे. जन्मभर आत्याबाई, जो आवाज कानावर आला त्याला माझ्याकडून काहीतरी हवं असायचं. डोंगरावर केवढे आवाज आहेत. चंडोल आहे, सातभाई आहेत, तितर आहे. अन् त्यातल्या एकालाही माझ्याकडून काही नको."

ती ओशाळली. पन्नाशी उलटून गेलेली बाई, चोरून चिंचा खाताना सापडल्यासारखी. "हे काय कारण झालं का?" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील, मेट्रनची खुर्ची सोडून ही गवतात जाऊन बसते."

मला आधी रागच आला. मी जन्मात नुसती बसलेली नाही. बसले तरी हातात शेंगा नाहीतर वाती. मग मला आठवलं की ही बाई यंदा पहिल्यांदा महालक्ष्म्यांचे तीनही दिवस घरी आहे. एरवी महालक्ष्म्या आत जेवायच्या अन् ही कुणाच्या तरी लेकराची नाळ कापत असायची. रात्री उशिरा येऊन गार पोळी दुधात कुस्करून खायची, अन् 'आत्याबाई, पुरण छान झालंय' म्हणायची. एकदाही चुकली नाही म्हणायला. आपल्या घरचा सण सोडून परक्या बायांचे जीव राखणारी सून माझ्या पदरात पडली, याचे आभार मी देवीचे दरवर्षी मानत आले. तिचे मानायचे असतात, हे काही कुणी मला शिकवलं नव्हतं.

मी परत पळी फिरवायला घेतली. मी गप्प बसले म्हणजे काय होतं ते माझ्या घरच्यांना विचारा.

वरच्या खोलीत त्या वेळी काय चाललं होतं, ते रूपानं मला संध्याकाळी भांडी पुसताना सांगितलं. पण घडलं ते याच वेळेला, म्हणून इथंच सांगते.

रूपा वाटण टाकून वर गेली तर इंद्रजीत पलंगावर पाकिटं मांडून बसलेला.

"वहिनींना विचारलं होतं का तुम्ही?" तिनं सरळच काढलं.

"त्यात विचारायचं काय? घरचं काम आहे."

"त्यांचं तोंड पाहिलंत?"

"दमल्यात. सणाचं काम आहे."

"त्या वॉर्डातून दमून यायच्या तेव्हाचं तोंड मी पाहिलंय. हे ते नाही."

इंद्रजीतनं पाकिटं गोळा केली, परत मांडली. मग हळूच म्हणाला, "रूपा, दवाखाना मी कशाच्या जोरावर काढला असं वाटतं तुला?"

"डिग्रीच्या."

"वहिनी रिटायर होणार होत्या म्हणून काढला. सरकारी दवाखान्यात शिकत होतो तेव्हा त्या माझ्या मागं उभ्या असायच्या. काही बोलायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. त्या मागं असल्या की माझे हात थरथरत नाहीत. आताही दुसऱ्यांच्या दवाखान्यात अवघड बाळंतपण आलं की मी मनात धरतो की त्या मागं आहेत. स्वतःच्या दवाखान्यात तेवढ्यावर भागणार नाही. तिथं मागं कुणी नसलं तर?"

"हे वहिनींना सांगितलंत?"

"हे सांगता येतं का कुणाला?"

रूपा मला म्हणाली, "आत्याबाई, नवऱ्याची कीव आली अन् रागही आला. स्वतःची भीती सांगायला लाज वाटली म्हणून माणसानं दुसऱ्याचं नाव छापून आणायचं का?"

रूपाला मी फार बोलणारी समजत होते. त्या दिवसापासून मत बदललं. फारच बोलते, पण बरोबर बोलते.

दुपारी नैवेद्य दाखवला. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कटाची आमटी, वर फुलोरा टांगलेला. आमच्याकडं नैवेद्य दाखवला की सगळ्यांनी बाहेर यायचं अन् दार लोटून घ्यायचं. लेकी सासरहून आल्यात, त्यांना सुखानं चार घास खाऊ द्यायचे. तेवढा वेळ घरात मोठ्यानं बोलायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही. आम्ही सगळे ओसरीवर येऊन बसलो. सगीराही आली होती, शहागंजातून मोगऱ्याचे गजरे घेऊन. वॉर्डात ती तनुजाच्या हाताखाली आया होती, अन् आमच्या महालक्ष्म्यांचं जेवण तिनं कधी चुकवलं नाही. रात्रपाळी असली तर डबा मागवून घ्यायची.

श्रेयानं तिला पत्रिका दाखवली. सगीरानं वाचली, चष्मा वर केला.

"मुबारक हो डॉक्टरसाब," ती कुजबुजली. "पर सिस्टर को पूछे क्या?"

"सगीराबी, तुम्हीपण या की," इंद्रजीतही कुजबुजला. "तुमची जुनी जोडी परत जमवू."

"मैं नको बाबा. मेरी सुबह बुक है."

"कुठं?"

"डोंगर पे."

तनुजानं तिला कोपर मारलं. सगीरानं गजरे निवडायला घेतले, जणू बोललीच नाही.

"कसला डोंगर?" श्रेयानं विचारलं.

"चालायला जातात गं त्या," सुदर्शन म्हणाला.

"चालायला दवाखान्यामागं एवढं मैदान आहे," इंद्रजीत म्हणाला. "वहिनी, तुम्ही काहीच बोलत नाही. काही अडचण आहे का? असली तर सांगा, मी सोडवतो."

"अडचण नाही," तनुजा म्हणाली.

"मग?"

सगळ्यांची नजर तिच्यावर, अन् तिची नजर लोटलेल्या दारावर. मला दिसत होतं काय होणार ते. आणखी एकदा 'मग' म्हटलं असतं तर ती 'बरं' म्हणाली असती. जन्मभर जी बाई कुणी बोलावलं की उठली, तिच्या तोंडात दुसरा शब्द येतच नाही. माझा मोठा आवाज मी आवरला अन् कुजबुजतच सुरुवात केली. मला कुजबुजता येतं हे श्रेयाला त्या दिवशी कळलं.

"इंद्रजीत, आत कोण जेवतंय?"

"आई, आता हे काय मधेच."

"विचारलं तेवढं सांग."

"महालक्ष्म्या."

"कशाला आल्यात?"

"माहेरपणाला."

"मग ऊठ. दार उघड, आत जा, अन् त्यातल्या धाकटीला म्हण, बाई, तुझं जेवण झालं असंल तर जरा खरकटं काढायला ये. तुला काही अडचण नाय ना?"

श्रेया खुदकन हसली अन् लगेच ओढणी तोंडाशी धरली.

"आई, त्याचा इथं काय संबंध?"

"हाय तो सांगते. तुझ्या वहिनीला माहेर नाय. आई-बाप लहानपणीच गेले, चुलत्यानं लग्न लावून दिलं अन् दार लावून घेतलं. ही इथं नांदली ती सासरी. वॉर्डात गेली तेही सासरच, तिथं तर दर घडीला नवी सासू. उन्हाळ्यापासून कुठं ही माहेरी गेलीय. तिचं माहेर कुठं हाय, त्याला भिंती हायेत का गवत हाय, ते तू बघू नको. लेक माहेरी आली तर तिला कुणी विचारतं का, तुला अडचण काय, म्हणून? तिला बसू देतात. तिला आवडतं तेच कारण. दुसरं लागत नाय."

"पण मी काही त्यांना पोळ्या लाटायला नेत नाही. मानाची जागा आहे."

"मानाची असू दे नाहीतर सोन्याची. काम ते कामच. अन् मी अजून—"

"आत्याबाई, थांबा." तनुजानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी सांगते."

तिनं पदर नीट केला. वॉर्डात राउंडला निघताना करायची तसा.

"भावजी, मला यायचं नाही. अडचण काही नाही. मला आवडतंय. सकाळी उठायचं अन् कुठंच पोचायचं नसतं, हे मला लई आवडतंय. डोंगरावर पाखरं असतात, ती ऐकत बसते. त्यातली किती ओळखू येतात मला, तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. जन्मभर केलं ते मनापासून केलं, त्याचं दुःख नाही. पण ते पुरतं झालं. आता हे करते."

सुदर्शन तिच्याकडं बघतच राहिला. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही रोज विचारता, फिरून आलीस का. मी रोज सांगते, आले."

"पाखरं म्हणाली असतीस तर—"

"तर तुम्ही म्हणाला असता, बरं. अन् पेपर उलटला असता."

सुदर्शन उठून भावाशेजारचं बाकडं सोडून बायकोशेजारच्या चटईवर येऊन बसला. माझ्या थोरल्यानं भांडणात एवढी हालचाल केलेली मी आजवर पाहिली नव्हती.

इंद्रजीत पाकिटाचा कोपरा दुमडत बसला होता. रूपा त्याला म्हणाली, "आता खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगते."

त्यानं पाकीट खाली ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मागं नसल्या की माझे हात थरथरतात."

मी आई आहे, पण मला हे ठाऊक नव्हतं. मी पुढं झाले असते. तनुजा आधी बोलली.

"ती खुलताबादची बाई आठवते? जुळी होती. दुसरं बाळ आडवं."

"कशी विसरेन? तुम्ही मागं होता म्हणून झालं ते. तुम्ही म्हणालात, सावकाश."

"सावकाश म्हणाले अन् बाहेर गेले."

"कुठं बाहेर?"

"दारात. सगीरानं चहा आणला होता."

"अद्रकवाला," सगीरा म्हणाली.

"तो पीत उभी राहिले. आत आले तेव्हा दुसरं बाळ रडत होतं, अन् तुम्ही मागं न बघता म्हणालात, वहिनी, झालं. मी म्हटलं, हो, बघितलं."

"तुम्ही मला एकट्याला सोडून चहा पीत होता?"

"तुमचे हात मला दिसले होते ना. भरवसा नसता तर मी तिथून हलले असते का? त्यानंतर कितीदा तरी हलले. तुम्ही कधी मागं बघितलंच नाही."

इंद्रजीत तिच्याकडं बघत राहिला, मग सगीराकडं. सगीरानं मान डोलावली. "हव साब. कितनी बार चाय पिये हमलोगां, गिनतीच नक्को पूछो."

तेव्हा तो हसला. खो खो हसला, जेवणाऱ्या लेकींची आठवण न ठेवता. मी त्याच्या मांडीवर चापट दिली. "जेवतायत त्या."

"अन् भीती वाटली तर?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"वाटू द्या. मला शेवटच्या दिवसापर्यंत वाटत होती," तनुजा म्हणाली. "फार अडलं तर फोन करा. दुपारी. सकाळी मी उचलणार नाही."

सोडवायची राहिली ती पत्रिका. सगळ्यांच्या आधी तेच इंद्रजीतच्या ध्यानात आलं. "आई, देवीपुढं ठेवली आपण. अक्षर बदलत नाही म्हणतेस ना?"

"ठेवली मी. बघतेही मीच."

महालक्ष्म्यांचं जेवण आटोपायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला, टाळी वाजवून दार उघडलं. आत समईचा अन् केवड्याचा वास भरून राहिला होता. करंडा उघडला, अंगठा कुंकवात बुडवला, अन् पायाशी ठेवलेल्या पत्रिकेवर 'मेट्रन' या अक्षरांवर दाबला. गच्च, भरून. वर-खाली सगळं जागच्या जागी. राहिलं ते नुसतं 'सौ. तनुजा सुदर्शन'.

"बदललं का अक्षर?" मी विचारलं. "कुंकू लागलं. कुंकू लागलेलं आपण पुसत नाय."

"आणि बाकीच्या खोकाभर पत्रिका?" श्रेया म्हणाली.

"नाहीतरी प्रत्येकीला कोपऱ्यात कुंकू लावायचंच असतं. मधोमध लावा."

जेवणं झाल्यावर रूपा अन् श्रेया ओसरीवर करंडे घेऊन बसल्या अन् अंगठे लावू लागल्या. इंद्रजीतही बसला. थोड्या वेळानं श्रेयानं एक पत्रिका उचलून पाहिली. "आजी, पण आता लोक विचारतील. आईचं नाव आहे, हुद्दा काही नाही. ही कोण म्हणून छापलीय?"

"तनुजा म्हणून," इंद्रजीत म्हणाला, पुढच्या पत्रिकेवर अंगठा टेकवत. "पाहुण्या आहेत त्या. पहिल्या खुर्चीवर बसतील, पेढा खातील, घरी जातील."

शहागंजातला कासार आता काय म्हणायचं ते म्हणो. सुनेचं नाव बिनकामाचं छापून आलेली सासू सगळ्या गल्लीत मी एकटीच असेन. मला त्याचा ताठा कमी नाही, उलट जरा जास्तच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तनुजा चुलीपाशी आली. महालक्ष्म्या बोळवायचा दिवस, दहीभात करायचा, सुताच्या गाठींची पूजा, पाहुण्यांच्या ओट्या. ती बाह्या सावरून भांड्यांच्या ढिगाकडं वळली तेवढ्यात अंगणात सगीराची स्कूटी थांबली.

"आज नको म्हणून सांगते तिला," तनुजा म्हणाली.

"का? तुझ्या डोंगराला सुट्टी हाय का?"

"घरात एवढं पडलंय."

"पडलं असंल. घरात दोन लेक हायेत, एक नात हाय, एक सून हाय. काठी कुठंय माझी?"

"कशाला?"

"तुझं माहेर बघायला. व्याह्यांकडं मी अजून गेलेच नाही."

पायवाट चढाची आहे. पावसानं दगड धुऊन निघाले होते. सगीरा पुढं अन् तनुजा मागं, मधे मी. दोघी मला बाळंतिणीसारखं जपत होत्या, तेव्हा मी दोनदा खेकसले, पण हात सोडले नाहीत. वरच्या कातळावर त्यांनी मला बसवलं. देवगिरीचा किल्ला धुक्यात अर्धा दिसत होता. कमरेएवढं गवत, त्यावर दव. तनुजा माझ्याशेजारी बसली अन् डोळे मिटले. तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला घरी आल्यापासून मी झोपलेली पाहिली, जागी पाहिली, दमलेली तर रोजच. निवांत नव्हती पाहिली.

"ऐकलंत?" ती हळूच म्हणाली.

मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या माणसाचं बोलणं कळतं मला, पण लांबचे बारीक आवाज माझ्या कानातून कधीच गेले. हे मी कुणाला सांगत नाही. "व्हय," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं. ती आवाजावरून खोटं ओळखते, हे मी विसरले होते. काही न बोलता तिनं माझा उजवा हात ओढला, मांडीवर उताणा ठेवला अन् बोटानं तळहातावर वाजवलं. टप-टप. थांबली. टप-टप. थांबली.

"काय गं हे?"

"लावा आहे. बटेर म्हणते सगीरा. गवतात बसून हाक मारतोय. असा." टप-टप. "पोटातल्या लेकराचे ठोके नळीतून मला ऐकू यायचे, आईला नाही. मग मी तिच्या हातावर वाजवून दाखवायची. रडायच्या बाया."

"मी नाय रडत."

"नका रडू."

"कुठं बसलाय तो?"

"दिसत नाही तो, आत्याबाई. शोधायचाही नाही."

सगीरानं डबा उघडला. खाली घरातून कुणीतरी हाक मारत असावं, कारण सगीरानं एकदा तिकडं पाहिलं अन् परत पोळी मोडली. मला ती हाक ऐकू आली नाही, तनुजाला आली असेल. तिनं मान वळवली नाही. तिचं बोट माझ्या तळहातावर थांबलं होतं. लावा गप्प झाला असावा.

मी हात तसाच उताणा ठेवला.

"परत बोलला की वाजव," मी म्हटलं.